कार्बन-१३ घातलेले शेवाळ: लेबल सुरुवातीपासून द्यायचे की शेवटी?

हरितकण

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाला कार्बन-१३ ने, म्हणजे कार्बनच्या जरा जड रूपाने (आयसोटोपने), लेबल केलेले लाल रंगद्रव्य अ‍ॅस्टॅझँथिन हवे आहे. ते माणसाला खायला दिले की रक्तात किती उतरते, किती काळ टिकते आणि त्याचे पुढे काय होते, हे बघायचे आहे. साधे रंगद्रव्य दिले तर खाण्यातून आधीच आलेले कुठले आणि आपण दिलेले कुठले, हे सांगता येत नाही. रेणू जड केला की मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र) दोन्ही वेगळे दाखवतो.

त्यासाठी हिमॅटोकोकस प्लुव्हिअ‍ॅलिस हे शेवाळ वापरायचे ठरले आहे. याचे दोन टप्पे असतात हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. आधी हिरव्या, पोहणाऱ्या पेशी भराभर वाढतात. मग नायट्रोजनचा पुरवठा तोडला आणि प्रकाश वाढवला की त्या गोल होतात, जाड कवच धरतात आणि लाल पडतात. हा लाल रंग म्हणजे अ‍ॅस्टॅझँथिन.

एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की रंग लाल टप्प्यातच तयार होतो, तर महागडा कार्बन-१३ चा वायू फक्त तेव्हाच द्यावा आणि हिरवी वाढ साध्या हवेवर उरकावी. मला ही काटकसर फसवी वाटते. ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी सांगावे. शेवाळाऐवजी दुसरा मार्ग सुचत असेल तर तोही सांगा.

काचनळी

तुमची शंका बरोबर आहे. लाल टप्प्यात पेशी फक्त नव्याने ओढलेल्या कार्बनवर जगत नाही. ताण पडला की आधी साठवलेले स्टार्च मोडते, प्रथिने मोडते आणि त्यातले कार्बनचे तुकडे नव्या रेणूंत जातात. हिरव्या टप्प्यातले थोडे बीटा-कॅरोटीन तर तयारच असते. म्हणजे लेबल शेवटी दिले तर काही रेणू पूर्ण जड, काही अर्धवट आणि काही साधेच निघतील. वर्णपटात एका शिखराऐवजी टेकड्यांची रांग दिसेल.

सविस्तर नंतर लिहितो. वायूच्या बाजूवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

मुक्तछंद

विषय नवा आहे, वाचतोय. एक प्राथमिक शंका: आयसोटोप म्हटले की मला किरणोत्सार आठवतो. असले शेवाळ माणसाला खायला देणे सुरक्षित आहे का?

डॉ_वाटसरू

@मुक्तछंद, शंका रास्त आहे. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, त्याचे अर्धायुष्य ५७३० वर्षे. कार्बन-१३ स्थिर आहे, त्यातून काहीही बाहेर पडत नाही. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्के हाच असतो. ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२ किलो कार्बन धरला तर सव्वाशे ते दीडशे ग्रॅम कार्बन-१३ तो जन्मभर बाळगून असतो. चाचणीत काही मिलिग्रॅम वाढले तर शरीराला पत्ताही लागत नाही.

आणि हे नुसते प्रयोगशाळेतले नाही. जठर किती वेगाने रिकामे होते हे मोजायची श्वासचाचणी कार्बन-१३ ने लेबल केलेल्या स्पिरुलिनावर (खाण्याजोग्या निळ्या-हिरव्या शेवाळावर) चालते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तिला २०१५ मध्ये मान्यता दिली. अंड्याच्या ठरावीक जेवणात हे स्पिरुलिना मिसळलेले असते. जठरातून अन्न पुढे लहान आतड्यात गेले की स्पिरुलिना पचते, शोषले जाते, त्याचे ज्वलन होते आणि जड कार्बन डायऑक्साइड श्वासात उतरतो. चार तास ठरावीक वेळाने फुंकर भरून घ्यायची, की जठराचा वेग कळतो. एरवी यासाठी किरणोत्सारी टेक्नेशियम घातलेले जेवण देऊन गॅमा कॅमेऱ्यापुढे बसवतात. मधुमेहामुळे जठर मंदावलेल्या रुग्णाला किरणोत्साराशिवाय हे सांगता येणे ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

मुक्तछंद

धन्यवाद डॉक्टर. म्हणजे शेवाळ पोटात जाऊन आतल्या बातम्या तोंडानेच बाहेर पाठवते! :)

अणुरेणू

हरितकणताई, 'लेबल किती टक्के' या प्रश्नाचा हिशेब आधी करा, बाकीचे निर्णय त्यावरून ठरतात.

अ‍ॅस्टॅझँथिनमध्ये ४० कार्बन. साध्या निसर्गात प्रत्येक कार्बन जड असण्याची शक्यता १.१ टक्के. तेव्हा चाळीसच्या चाळीस हलके असलेले रेणू निघतात सुमारे ६५ टक्के. उरलेल्या ३५ टक्क्यांत एक किंवा जास्त जड अणू आपोआपच असतात. म्हणून एखाद-दुसरा जड अणू घालून भागत नाही, तो या नैसर्गिक गर्दीत हरवतो.

आता उलट बाजू. शेवाळाला ९९ टक्के शुद्ध कार्बन-१३ मिळाला तर सगळे ४० जड असलेले रेणू ६७ टक्के. ९८ टक्क्यांवर ते ४५ टक्क्यांपर्यंत घसरतात. ९५ वर जेमतेम १३ टक्के. तीन-चार टक्के भेसळ ऐकायला किरकोळ वाटते, पण मुख्य शिखर पार बसते. वस्तुमान ५९६ वरून ६३६ वर जायला हवे, त्याऐवजी रेणू ६३० ते ६३६ मध्ये विखुरतात आणि रक्तातल्या अत्यल्प प्रमाणात मग काही वेचता येत नाही.

सहकाऱ्यांना हा हिशेब दाखवा. फक्त लाल टप्प्यात लेबल देऊन ९८ टक्के गाठता येणार नाही.

तर्कट

मला मुळातला प्रश्न वेगळा पडलाय. एवढा खटाटोप कशाला? रसायनशास्त्रज्ञ कॅरोटिनॉइड (याच गटातली रंगद्रव्ये) कृत्रिमरीत्या बनवतात, हवे त्या जागी जड अणू बसवतात. दहा अणू बसवले तरी नैसर्गिक गर्दीच्या बाहेर जाता येते. ना शेवाळ, ना दिवे, ना जंतुसंसर्गाची भीती.

हरितकण

@तर्कट, बीटा-कॅरोटीन असते तर मी तुमच्याशी सहमत झाले असते. अ‍ॅस्टॅझँथिनची गोष्ट वेगळी. त्याच्या दोन्ही टोकांच्या कड्यांवर एकेक हायड्रॉक्सिल गट असतो आणि तो डावा की उजवा यावरून तीन रूपे होतात. नेहमीच्या कृत्रिम संश्लेषणात ती तिन्ही एकास दोनास एक अशी मिसळून येतात. हिमॅटोकोकस फक्त एकच रूप बनवते, दोन्ही टोके डावी, म्हणजे 'एस'. शिवाय शेवाळात ते मोकळे नसते, मेदाम्लाला जोडलेल्या एस्टरच्या रूपात असते. माणूस पूरक म्हणून जे खातो ते हेच. प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या वस्तूचे शोषण मोजायचे असेल तर तीच वस्तू जड करून द्यायला हवी.

तर्कट

मान्य. एस्टरचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण अन्नाच्या आवरणासकट मोजायचे नसेल, नुसते यकृतात पुढे काय होते एवढेच बघायचे असेल, तर संश्लेषणच सरस या मतावर मी ठाम आहे.

जुनापाना

मंडळी, शेवाळ आणि आयसोटोप यांची सोबत फार जुनी आहे.

१९३० च्या दशकात रुडॉल्फ शोएनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी कोलंबिया विद्यापीठात ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) व नायट्रोजन-१५ (जड नायट्रोजन) घातलेले अन्न प्राण्यांना देऊन दाखवले की शरीरातली चरबी आणि प्रथिने सतत मोडत आणि नव्याने घडत असतात. पुढे १९४० मध्ये मार्टिन केमन व सॅम रुबेन यांनी कार्बन-१४ शोधला आणि बर्कलीत केल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी तो क्लोरेला व सीनेडेस्मस या शेवाळांना पाजला. 'लॉलिपॉप' म्हणून ओळखले जाणारे चपटे काचपात्र, त्यात हिरवे पाणी, दोन्ही बाजूंनी दिवे. काही सेकंद लेबल द्यायचे आणि तोटी उघडून पेशी थेट गरम अल्कोहोलमध्ये सोडायच्या, म्हणजे क्रिया जागच्या जागी थांबते. मग कागदावर दोन दिशांनी पसरवून एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके बघायचे. प्रकाशसंश्लेषणातला कार्बनचा मार्ग असा ठिपक्या-ठिपक्याने उलगडला. १९६१ चे नोबेल एकट्या केल्विनना मिळाले. बेन्सनचे नाव त्यात असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या विषयाच्या अगदी जवळची गोष्ट १९९६ ची. कॅरोटिनॉइड मेव्हॅलोनेट नावाच्या रेणूच्या वाटेने बनतात असे पाठ्यपुस्तके सांगत होती. लिश्टेन्थालर आणि रोमर यांच्या गटांनी सीनेडेस्मसला कार्बन-१३ चे ग्लुकोज दिले आणि रंगद्रव्यात जड अणू कुठल्या जागांवर बसतात ते एनएमआरने (चुंबकीय अनुनादाने रेणूची रचना दाखवणाऱ्या तंत्राने) पाहिले. जागा जुन्या वाटेशी जुळेनात. हरितलवकात पायरुव्हेटपासून निघणारी वेगळीच वाट असल्याचे त्यातून सिद्ध झाले. इथे सगळे अणू जड करायचे नव्हते, 'कुठला जड झाला' हेच उत्तर होते.

बुडबुडा

कार्बन-१३ एवढा महाग का, तर तो वेगळा करायला कार्बन मोनॉक्साइड अतिथंड करून उंचच उंच स्तंभांत ऊर्ध्वपातन करावे लागते आणि दोन रूपांच्या उत्कलनबिंदूंत फरक अगदी नाममात्र. मग ड्यूटेरियम का नको? जड पाणी त्या मानाने खूप सोपे. आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत जोसेफ कॅट्झ आणि हेन्री क्रेस्पी यांनी १९६० च्या सुमारास जवळपास शुद्ध जड पाण्यात क्लोरेला व सीनेडेस्मस वाढवून दाखवले. ज्या पाण्यात सस्तन प्राणी जगत नाहीत त्यात शेवाळ सावकाश का होईना, वाढते. वायूची गळती नाही, बंद चक्राची कटकट नाही.

आहाराच्या अभ्यासातही हे झाले आहे. जड पाण्याचा अंश घालून वाढवलेले स्पिरुलिना लोकांना खायला देऊन त्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व किती बनते ते मोजले गेले.

अणुरेणू

@बुडबुडा, पर्याय चांगला आहे, पण फुकट नाही. ड्यूटेरियमचे वस्तुमान हायड्रोजनच्या दुप्पट, त्यामुळे कार्बन-ड्यूटेरियम बंध तुटायला कितीतरी जास्त वेळ लागतो. ज्या विकराची क्रिया त्या बंधावर होते ती सहा-सात पटीने मंदावू शकते. म्हणजे आपण मोजायला दिलेला रेणूच शरीरात वेगळा वागेल. कार्बन-१३ मध्ये हा परिणाम काही टक्क्यांच्या आत राहतो. दुसरे, हायड्रॉक्सिल व अमाइनवरचे ड्यूटेरियम साध्या पाण्यात लगेच बदलून जाते, टिकते ते कार्बनला चिकटलेलेच. तिसरे, ड्यूटेरियमवाले कॅरोटीन क्रोमॅटोग्राफीच्या (रेणू वेगळे करायच्या) स्तंभातून साध्या कॅरोटीनच्या जरा आधी बाहेर पडते, त्यामुळे दोघांची तुलना एकाच क्षणी होत नाही. कार्बन-१३ वाले अगदी जोडीने येते.

न्यूट्रॉन प्रकीर्णन करणाऱ्यांना, म्हणजे न्यूट्रॉन विखुरून रेणूंची रचना पाहणाऱ्यांना, मात्र ड्यूटेरियमच हवे. न्यूट्रॉनला हायड्रोजन आणि ड्यूटेरियम इतके वेगळे दिसतात की एकाची प्रकीर्णन लांबी (न्यूट्रॉन किती आणि कसे विखुरतात याचे माप) ऋण, दुसऱ्याची धन. जड पाण्यात वाढवलेल्या शेवाळातले फायकोसायनिन हे निळे प्रथिन त्यांच्यासाठी सोन्यासारखे.

बुडबुडा

यकृतातला वेग मोजायचा असेल तर तुमचे बरोबर. पण नुसते शोषण मोजायचे असेल, तेही अर्धवट ड्यूटेरियम घालून, तर त्या मंदपणाने फार बिघडत नाही. त्यावर आपले एकमत होणार नाही, राहू दे.

काचनळी

सांगितल्याप्रमाणे वायूबद्दल लिहितो. या कामात लेबल हरवते ते बहुतेक वेळा जीवशास्त्रामुळे नव्हे, नळ्यांमुळे.

सिलिकॉनची नळी. मऊ, स्वच्छ, निर्जंतुक करता येते म्हणून सगळीकडे असते. पण तिच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड सर्रास आरपार जातो. आतला जड बाहेर, बाहेरचा साधा आत. बंद चक्रात काच, स्टील आणि फ्लुओरो-रबरच्या जोडण्याच ठेवा. मी पाहिलेल्या एका मांडणीत सगळे नीट होते, फक्त पंपातला वीतभर तुकडा सिलिकॉनचा होता. लेबल का उतरते हे बराच काळ कुणाला उमगत नव्हते. तुकडा बदलला आणि आकडा जागेवर आला.

मग माध्यम, म्हणजे शेवाळ ज्या क्षारांच्या पाण्यात वाढते ते. बीजी-११ या नेहमीच्या माध्यमाच्या कृतीत लिटरला २० मिलिग्रॅम सोडियम कार्बोनेट असते. शिवाय सायट्रिक आम्ल, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि लोह विरघळलेले ठेवणारे ईडीटीए. कार्बोनेट काढाच. सायट्रेटच्या जागी लोह ईडीटीएबरोबर द्या, ईडीटीए पेशी सहसा खात नाहीत. नायट्रोजन-१५ चेही लेबल हवे असेल तर त्या फेरिक अमोनियम सायट्रेटमधून साधा नायट्रोजन येतो हेही ध्यानात असू द्या.

बीजाचे ओझेही असते. सुरुवातीच्या पेशी साध्या असतात. पेशी सात वेळा दुप्पट झाल्या की जुन्या कार्बनचा वाटा १२८ भागांत एक, म्हणजे एक टक्क्याच्या खाली येतो. म्हणून बीजही जड वायूवर वाढवून घ्यावे आणि मुख्य पात्रात अगदी थोडे घालावे.

शेवटी ऑक्सिजन. बंद पात्रात शेवाळ जेवढा कार्बन डायऑक्साइड खाते, साधारण तेवढाच ऑक्सिजन सोडते. दाबमापक फारसा हलत नाही म्हणून सगळे ठीक वाटते, पण ऑक्सिजन साचत जातो आणि रुबिस्को हे कार्बन पकडणारे विकर कार्बनऐवजी ऑक्सिजन पकडू लागते. वाढ मंदावते. ऑक्सिजन बाहेर सोडताना वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून न्या, जड कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट होऊन अडकतो आणि आम्ल घालून परत मिळवता येतो. द्रावण मात्र ताजे असू द्या. उघड्या बाटलीतल्या जुन्या हायड्रॉक्साइडने हवेतला साधा कार्बन आधीच पिऊन घेतलेला असतो.

हरितकण

@काचनळी, हे सोन्यासारखे आहे. आमच्याही पंपात सिलिकॉनच आहे, उद्याच बघते.

निळावंती

स्पिरुलिनावाल्यांची अडचण आणखी वेगळी. आम्हाला फायकोसायनिनचा निळा रंग जड करायचा होता. झारुकच्या माध्यमात (स्पिरुलिना वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात) लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागते. म्हणजे ०.२ मोल कार्बन. तेवढ्यातून लिटरला एक ग्रॅम सुके स्पिरुलिना आले तर त्यात कार्बन जेमतेम ०.०४ मोल. पाचातला एक भाग पेशीत गेला, चार भाग पाण्यातच राहिले. हे पाणी ओतून द्यायचे म्हणजे लेबलच ओतून द्यायचे. म्हणून कापणीनंतरचे पाणी गाळून पुन्हा वापरणे किंवा आम्ल घालून सगळा वायू परत पकडणे, यावाचून गत्यंतर नाही. उलट क्षारता इतकी असते की दुसरे जंतू फारसे शिरत नाहीत, हा मोठा फायदा.

फायकोसायनिन काढताना आच लागू देऊ नका. पन्नास अंशांच्या आसपास तापले की निळा रंग उतरायला लागतो, मग लेबल कितीही चांगले असो.

डॉ_वाटसरू

निळावंतीताई, तुमच्या स्पिरुलिनाचा आणखी एक उपयोग. डाळींमधली प्रथिने माणसाला नेमकी किती पचतात हे मोजायची दुहेरी लेबलची पद्धत आहे. मूग जड पाण्यावर वाढवायचे, म्हणजे त्यांच्या प्रथिनांत ड्यूटेरियम. त्याच जेवणात कार्बन-१३ चे स्पिरुलिना, ज्याची पचनक्षमता आधी माहीत आहे. रक्तात दोन्हींची अमिनो आम्ले येतात, त्यांचे गुणोत्तर पाहिले की मुगाची पचनक्षमता कळते. आतड्यात नळी घालावी लागत नाही, त्यामुळे लहान मुलांतही मोजता येते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये यावर काम प्रसिद्ध केले. कुपोषणाच्या प्रश्नात असे थेट आकडे फार मोलाचे आहेत.

जलदवाचक

+१. एवढे शिकवणारा धागा बऱ्याच दिवसांनी वाचला. शेवाळ घसरून पाडते एवढेच माहीत होते, इथे तर ते सगळ्यांना उभे करते आहे.

हिशेबनीस

मूळ प्रश्नाकडे येतो. सहकाऱ्यांचा आक्षेप खर्चाचा आहे ना? मग खर्च कुठे जातो ते पाहा.

एक ग्रॅम अ‍ॅस्टॅझँथिन हवे. पेशींच्या सुक्या वजनात ते ३ टक्के धरले तर ३३ ग्रॅम सुके शेवाळ लागेल. त्यात निम्मा कार्बन, म्हणजे वाया न घालवता सुमारे ६० ग्रॅम जड कार्बन डायऑक्साइड. आता अ‍ॅस्टॅझँथिनमध्ये गेलेला कार्बन किती? ०.८ ग्रॅम. सगळ्या कार्बनच्या पाच टक्के! उरलेला ९५ टक्के जड कार्बन प्रथिनांत, मेदात, स्टार्चमध्ये आणि पेशीभित्तिकेत बसला आहे. तुम्ही तो चोथा म्हणून फेकणार असाल तर कुठल्याही टप्प्यात लेबल द्या, ते महागच पडणार.

तो फेकू नका. हिरव्या टप्प्यापासून लेबल द्या आणि पूर्ण पेशीची वाटणी करा. प्रथिनांचे आम्लाने विघटन केले की जड अमिनो आम्लांचे मिश्रण मिळते. एनएमआरवाले प्रथिने बनवताना जिवाणूंना हेच खाऊ घालतात. स्टार्चपासून जड ग्लुकोज. एस्टर तोडल्यावर जड मेदाम्ले. अमेरिकेतली मार्टेक ही कंपनी पुढे शेवाळाच्या डीएचए (ओमेगा-३) तेलामुळे नावारूपाला आली, पण तिने शेवाळापासून स्थिर आयसोटोपची उत्पादनेही केली होती. एका रेणूसाठी शेवाळ वाढवणे परवडत नाही, सगळ्या रेणूंसाठी परवडते.

हरितकण

@हिशेबनीस, हाच आकडा मला हवा होता. पाच टक्के! सहकाऱ्याला काचनळींचे सात दुपटींचे गणित, अणुरेणूंचा चाळीस कार्बनचा हिशेब आणि हे सगळे एकत्र दाखवते. लेबल बीजापासून द्यायचे, हे माझ्या बाजूने ठरले. अमिनो आम्लांसाठी आमच्याच इमारतीतला एनएमआरचा गट गिऱ्हाईक आहे, त्यांच्याशीही बोलते.

एकच शेवटचा प्रश्न. शुद्धता तपासायला एस्टर तोडून मोकळे अ‍ॅस्टॅझँथिन हवे. नेहमीसारखे अल्कलीने सॅपोनिफिकेशन करावे का?

काचनळी

नको. अल्कली आणि ऑक्सिजन एकत्र आले की अ‍ॅस्टॅझँथिनचे अ‍ॅस्टासीन होते, चार हायड्रोजन गमावून. ६३६ ऐवजी ६३२ ला शिखर दिसेल आणि लेबल कमी पडले असा गैरसमज होईल. कोलेस्टेरॉल एस्टरेज हे विकर वापरा, मंद प्रकाशात आणि नायट्रोजनखाली. त्याआधी लाल पेशींचे कवच काचेच्या मण्यांनी नीट फोडून घ्या, नाहीतर अर्धा रंग आतच राहतो. काढलेले रंगद्रव्य उणे ८० अंशांना, अंधारात, आर्गॉन भरून ठेवा. आणि आधी सगळे साध्या कार्बनवर एकदा करून बघा, कवच किती फुटते आणि हाती किती येते ते त्यात कळेल.

हरितकण

उत्तम. पंप बदलला की साध्या कार्बनवरची फेरी लावते. आकडे आले की याच धाग्यावर टाकते.